डांबराच्या काठाची मीमांसा

येलदरीच्या धरणाबाबत मोजण्याजोगे जे जे होते ते सगळे मोजून ठेवलेले आहे. भिंतीची लांबी सव्वाचार किलोमीटर, उंची एक्कावन्न मीटर, दरवाजे दहा, साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, वीजघरातले तीन संच मिळून साडेबावीस मेगावॅट. तळाशी जे पाणी नुसते बसून असते त्याचाही १२४ दशलक्ष घनमीटर असा आकडा आहे आणि त्याला मृतसाठा असे भारदस्त नाव आहे. परंतु जिंतूरहून येलदरीकडे येताना डांबर जिथे संपते आणि माती जिथे सुरू होते, त्या काठाची उंची किती, हे कोणत्याही दप्तरात सापडायचे नाही. कुठे दोन बोटे, कुठे चार, कुठे चांगली वीतभर. या काठावरून सायकलस्वार दिवसातून कितीदा खाली उतरतो, कोणापुढे उतरतो आणि कोणापुढे मुळीच उतरत नाही, हा धर्मशास्त्राचा, न्यायशास्त्राचा आणि थोडाफार भूमितीचाही प्रश्न आहे. तिन्ही शास्त्रांनी तो एकमेकांवर ढकलून दिला. ती उणीव येथे भरून निघेल, असा आमचा नम्र दावा आहे.

मीमांसकांच्या शिस्तीप्रमाणे विवेचनाला पाच अंगे हवीत: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. यांपैकी संशय आमच्याकडे भरपूर आहे. संगतीचे पुढे पाहू.

प्रथम विषय, म्हणजे सायकल. ही वस्तू कायद्याला दिसते तरी का? मोटार वाहन अधिनियम, १९८८ म्हणतो, यंत्राच्या बळावर रस्त्याने चालण्याजोगे ते मोटार वाहन. मात्र चाके चारांपेक्षा कमी आणि इंजिन पंचवीस सीसीपर्यंतचे असेल तर ते वगळावे. सायकलला इंजिनच नाही, त्यामुळे ती उंबऱ्याबाहेरच राहते. १९७२ साली बाजारात आलेली लुना मात्र आत गेली. तिला पायडल होते, चढावर ते मारावेही लागे आणि मालकाला घाम सायकलवाल्याइतकाच येई. पण इंजिन पन्नास सीसीचे, म्हणून कायद्याच्या लेखी ती आणि ट्रक सख्ख्या बहिणी. अलीकडची बॅटरीची सायकल पुन्हा बाहेर: मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत असला की तिला मोटार वाहन मानत नाहीत. म्हणजे मोटारपण पायडलाने जात नाही आणि विजेने येत नाही. ते नेमके कशाने येते, हा निर्णय आम्ही लुनावाल्यांवर सोपवतो.

याच्या उलट महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मोठ्या मनाचा आहे. त्यातल्या वाहनाच्या व्याख्येत गाडा, ट्रक, हातगाडी यांच्या जोडीला सायकल आहे, तीनचाकी सायकल आहे, पाण्यावरचे तारू आहे आणि विमानही आहे. येलदरीच्या जलाशयात मासे धरायला निघालेला तराफा, ते मासे जिंतूरच्या बाजाराला नेणारी सायकल आणि दोघांच्या डोक्यावरून उंच जाणारे विमान ही एकाच व्याख्येची लेकरे होत. (याच अधिनियमात गुराढोरांमध्ये हत्ती आणि उंट धरले आहेत. मसुदा लिहिणाऱ्याने काहीही सुटू नये म्हणून घेतलेली काळजी पाहून ऊर भरून येतो.)

तिसरी व्याख्या परदेशी आहे. १९६८ साली, म्हणजे इकडे येलदरीचे धरण पुरे झाले त्याच साली, तिकडे व्हिएन्नाला रस्त्यावरील वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात ठरले की सायकल म्हणजे तिच्यावर बसलेल्यांच्या अंगच्या बळाने चालणारे, निदान दोन चाकांचे वाहन. इथे मोठी पंचाईत होते. आमच्याकडे कित्येक सायकलींवर ज्वारीचा कट्टा बसतो आणि मालक हँडल धरून शेजारून चालतो. कट्ट्याच्या अंगी बळ नसते. मालकाच्या असते, पण तो बसलेला नाही. तेव्हा व्हिएन्नाच्या मते ही सायकल नव्हे, मुंबईच्या मते ती विमानाची बहीण आहे आणि दिल्लीच्या मते ती मोटार तर नव्हेच नव्हे. मालकाच्या मते ती सायकलच आहे, पण त्याला कोणी विचारलेले नाही.

आता संशय. अशा वस्तूला पोलिसाने अडवायचे ते कशाबद्दल? मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२८ म्हणते मागे एकालाच बसवावे. पण ते मोटारसायकलवाल्याला. सायकलच्या डंडीवर धाकटा, कॅरिअरवर थोरला आणि थोरल्याच्या मांडीवर तिघांची दप्तरे, यावर ते मौन पाळते. कलम १२९ चे हेल्मेट मोटारसायकलवाल्याच्याच डोक्यावर. कलम १८५ प्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा, तोही मोटार हाकणाऱ्याचा. झिंगलेल्या सायकलस्वाराने मात्र फार हुरळू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चे कलम ८५ त्याच्यासाठी कधीचे टपून बसले आहे. त्याला वाहनाशी देणेघेणे नाही, माणूस सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा घालत असला की पुरे.

एक कलम असे आहे की जे सायकलला मोटारीच्या बरोबरीने वागवते. भारतीय न्याय संहितेचे २८१, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेतले २७९. त्यात वाहन कोणतेही चालते; बेदरकारपणे हाकून लोकांच्या जिवाला धोका केला की सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. धरणाकडच्या उतारावर बिनब्रेकची सायकल सोडून, दोन्ही पाय फाकवून, 'सरकाऽऽ' असे ओरडत येणारा पोरगा या कलमात चपखल बसतो. फक्त त्याला धरायचे तर त्याच उतारावरून त्याच्याहून जास्त वेगाने जावे लागते, आणि मग कलमाखाली दोघे येतात.

बरे, धरले तरी पावती कशावर फाडायची? लायसन नाही, आरसी नाही, विमा नाही. ई-चलानच्या यंत्राला नंबरप्लेट लागते. सायकलच्या मागच्या मडगाडावर फार तर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेले असते आणि त्या नावावर दंड वसूल होत नाही.

असे पूर्वी नव्हते. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असे. कर भरला की बिल्ला, बिल्ला नसला की दंड. दिवेलागणीनंतर बिनदिव्याचा सायकलवाला हमखास अडवला जाई, डबलसीट दिसली की शिट्टी वाजे, आणि खिशात दंडाचे पैसे नसतील तर पोलीस चाकातली हवा सोडून देई. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या अधिनियमानेसुद्धा सायकलींवर आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवर कर बसवायची मुभा पंचायतीला दिली. तो काळ सायकलस्वाराच्या छळाचा होता असे सर्वसाधारण मत आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. ज्याच्याकडून कर घेता येतो, ज्याला दंड करता येतो, तो सरकारच्या वहीत असतो. वहीत असला की रस्त्यावरही असतो. हवा सोडणारा पोलीस निदान त्या चाकापर्यंत वाकत होता. आज चेकिंगला उभा असलेला पोलीस सायकलच्या आरपार पाहतो आणि तिच्या मागून येणारी मोटारसायकल हेरतो.

चेकिंगचा विषय निघालाच आहे तर एक उपप्रकरण येथेच उरकतो. वळणाच्या पलीकडे चेकिंग लागले की त्याची पहिली खबर सायकलवाल्याला असते, कारण त्याला तिथून बिनधास्त पुढे येता येते. समोरून ट्रिपलसीट मोटारसायकल आली की तो एक हात हँडलवरून काढतो, हवेत बोट गरकन फिरवतो आणि म्हणतो, "माघारी फिर, उभे हायेत." जो माघारी फिरत नाही तो खाली उतरून गाडी ढकलत वळण पार करतो. साहेबांनी विचारलेच तर पेट्रोल संपलेले असते. चेकिंगच्या आजूबाजूच्या अर्ध्या किलोमीटरात पेट्रोल संपण्याचे प्रमाण इतके विलक्षण आहे की रसायनशास्त्रज्ञांनी तिकडे लक्ष द्यावे. सायकलवाल्याचे ते बोट म्हणजे सरकारी कामात अडथळा होय काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्या बोटामुळे तीन माणसे पायी चालू लागली, आणि पायी चालणाऱ्यांकडून भरधाव वेगाचा गुन्हा होत नाही. जे काम चेकिंगने करायचे ते बोटाने फुकट केले.

पूर्वपक्षाकडे वळू. रस्त्यात कोणी कोणाला वाट द्यावी, हा प्रश्न आपल्याकडे मोटारीच्या दोन हजार वर्षे आधीपासून चर्चिला गेला आहे. गौतम धर्मसूत्रात वाट मिळण्याचा हक्क असणाऱ्यांची यादी आहे: चाकाच्या वाहनातून जाणारा, नव्वदी ओलांडलेला, दयेस पात्र असलेला, वधू, शिकून बाहेर पडलेला स्नातक आणि राजा. इतर सूत्रकारांनी त्यात ओझे वाहणाराही घातला. यादी येलदरीला लावून पाहावी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेला सायकलवाला चाकाचा आहे, ओझ्याचा आहे आणि सकाळी सहाच्या थंडीत त्याचा चेहरा पाहिला तर दयेसही पात्र आहे. सहांपैकी दोन हक्क सरळ त्याचे, तिसरा वरून. एवढी पात्रता गाडीत बसलेल्या मंत्र्याचीही नाही. मनुस्मृतीने तर एक पायरी पुढे जाऊन सांगितले की राजा आणि स्नातक समोरासमोर आले तर राजाने बाजूला व्हावे. नोकरीची वाट पाहत सायकल फिरवणारे बी. ए. झालेले तरुण आमच्या तालुक्यात कमी नाहीत. त्यांच्यासाठी मंत्र्यांचा ताफा मातीत उतरला, असे दृश्य पाहायला आम्ही फार उत्सुक आहोत.

या याद्यांचा मोह पडतो, म्हणून त्यांची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. राजानेसुद्धा ब्राह्मणाला वाट द्यावी, ही सोय त्यांत कोणी लिहून घेतली हे उघड आहे. आणि वरच्याला वाट द्यायची म्हणजे खालच्याने उतरायचे. अमक्यांच्या दारावरून जाताना अमक्यांनी सायकलवरून खाली उतरून चालत गेले पाहिजे, हा दंडक देशातल्या कितीतरी गावांनी पाळायला लावला, आणि तो मोडल्याबद्दल माणसे मारही खात होती. त्याला कोणत्याही अधिनियमाचे कलम लागत नव्हते. 'उतर' हा शब्द रस्त्यावर सहज उच्चारला जातो तेव्हा त्याच्या पोटात काय काय आहे, हे मीमांसकाने विसरू नये.

मात्र एक सूत्र असे आहे की त्यापुढे आम्ही हात जोडतो. वाटेचे सगळे नियम सांगून झाल्यावर आपस्तंब म्हणतो: अडाणी, पतित, झिंगलेले आणि वेडे यांना सर्वांनीच वाट द्यावी, ती स्वतःच्या खुशालीसाठी. हक्काची भाषा नाही, मानाची नाही. फक्त जीव वाचवा. वाळूचा हायवा पाहिलेला माणूसच असे सूत्र लिहू शकतो. पूर्णा नदीच्या पात्रातून भरून निघालेला हायवा समोर दिसला की सायकल उतरते, मोटारसायकल उतरते, काळी-पिवळी जीप उतरते आणि एसटीसुद्धा डावी चाके मातीत घालते. तेथे कलमे चालत नाहीत, आपस्तंब चालतो.

यावरून सिद्धान्त असा: येलदरीच्या रस्त्यावर कायदा वजनाचा आहे. हायव्यापुढे एसटी, एसटीपुढे जीप, जीपपुढे मोटारसायकल आणि सगळ्यांपुढे सायकल उतरते. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर या उतरंडीत कुठे बसतो याबद्दल मतभेद आहेत. त्याच्या टेपवर गाणे इतक्या मोठ्याने चालू असते की मागच्याचा हॉर्न ऐकूच येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला उतरवता येत नाही.

या सिद्धान्ताविरुद्ध आधुनिक शिकलेला माणूस जर्मनीचा दाखला देतो. तिथे २०२० पासून सायकलला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडावे लागते. उत्तम. आमच्याकडे एकपदरी रस्त्याच्या डांबराची मानक रुंदी ३.७५ मीटर. बसची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर. बस अगदी उजव्या काठाला नेली आणि जर्मन पद्धतीने दोन मीटर सोडले, तर सायकलचे हँडल सुरू होते ते ४.६ मीटरवर. म्हणजे डांबराच्या काठापासून ८५ सेंटिमीटर पलीकडे, साधारण कापसाच्या पहिल्या तासात. जर्मन नियम येलदरीत आजही तंतोतंत पाळला जातो, असे गणिताने सिद्ध होते. फक्त तो बसने पाळायचा की सायकलने, एवढाच तपशिलाचा फरक.

उतरण्याची किंमत बारमाही सारखी नसते, आणि या बाबीकडे कोणत्याही रस्तेतज्ज्ञाने लक्ष दिलेले आम्हांला माहीत नाही. उन्हाळ्यात काठाखाली बाभळीचे काटे असतात. एकदा उतरले की एक पंक्चर, आणि पंक्चरवाला पुढच्या फाट्याला. आषाढ-श्रावणात काळी माती. ही माती चाकाला चिकटत चिकटत मडगाडात जाऊन अशी बसते की चाक फिरायचेच थांबते. मग काडीने खरवडायचे, दहा पावले जायचे, पुन्हा खरवडायचे. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. व्हिएन्नाच्या करारात स्वारावर बसलेल्या सायकलीची व्याख्या नाही. दसऱ्याच्या सुमारास माती वाळते तेव्हा डांबरावर सोयाबीन वाळत पडलेले असते. त्या गोल दाण्यांवरून बस बिनघोर जाते, उलट मळणी होते म्हणून शेतकरी तिला दुवा देतो. सायकलचे चाक मात्र सटकते. म्हणजे ज्या दिवसांत खाली उतरणे सोपे असते, त्या दिवसांत वर राहणे अवघड. निसर्ग आणि शेती यांनी मिळून केलेली ही योजना निर्दोष आहे.

सिद्धान्ताला एकच ठळक अपवाद सापडला, तो शाळेच्या वेळेला. मागास तालुक्यांतल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. त्या मुली एकेकट्या येत नाहीत. चौघी आडव्या, त्यांच्यामागे चौघी, त्यांच्यामागे तिघी आणि उरलेली एक मधे, कारण तिला काहीतरी सांगायचे असते आणि ते सगळ्यांना ऐकू गेले पाहिजे. रस्त्याचे डांबर काठापासून काठापर्यंत भरून जाते. मागे एसटी हॉर्न देते. पहिल्या हॉर्नला कोणी बघत नाही. दुसऱ्याला शेवटच्या रांगेतली एक मागे पाहून म्हणते, "थांबा की मामा, पोरी चालल्याव." आणि मामा थांबतात. वजनाचा कायदा इथे मोडतो. आम्ही यावर बराच विचार केला. वधूला वाट द्यावी हे गौतमाचे वचन इथे लावता येणार नाही, मुली आठवी-नववीतल्या आहेत आणि त्या शब्दानेच त्यांचा अपमान होईल. खरे कारण रुंदीत आहे. एक सायकल दोन फुटांची; बारा सायकली मिळून रस्त्याएवढ्या. शिवाय पावसाळ्यात याच मुली अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास घेऊन त्याच एसटीत चढणार असतात आणि मामांची नावे त्यांना पाठ असतात. दूधवाल्यांनी ही युक्ती अजून अंगीकारलेली नाही. प्रत्येकाला रतीब आधी पोचवायचा असतो, म्हणून प्रत्येक जण एकटा निघतो आणि एकटाच उतरतो.

म्हशींबद्दल स्वतंत्र प्रकरण लिहिण्याचा बेत होता, पण एका वाक्यात भागते: म्हैस आपस्तंबाच्या सूत्रात नाही, १९५१ च्या व्याख्येत तिचे नाव हत्तीबरोबर घेतलेले नाही, आणि तरी हायवासुद्धा तिच्यासाठी थांबतो.

राहिली संगती. पूर्णेवरचा पूल ओलांडून पलीकडे गेले की हिंगोली जिल्हा लागतो. १ मे १९९९ पूर्वी तोही आमच्यासारखा परभणी जिल्ह्यातच होता. त्या दिवसापासून या रस्त्याचे ठाणे बदलते, कलमे तीच राहतात. आमच्या विवेचनात एकच गोष्ट अनिर्णित राहिली: समोरासमोर आलेल्या दोन सायकली. वजन सारखे, रुंदी सारखी. उतरावे कोणी? शास्त्रात आधार नसल्याने प्रत्यक्षाकडे वळावे लागते. दोघेही उतरतात, पण मातीत नव्हे, जागच्या जागी डांबरावर. स्टँड लावतात.

"कुठं चाललाव?"

"जिंतूरला. तुमच्या पोरीचं काय झालं, पाव्हणे येऊन गेले म्हणं?"

इथून पुढे वेळेचे मोजमाप थांबते. मागे एसटी उभी राहते. स्वार खाली असल्यामुळे व्हिएन्नाच्या हिशेबाने या सायकली नाहीत. १९८८ च्या हिशेबाने मोटारी नाहीत. १९५१ च्या हिशेबाने विमानासकट वाहने आहेत, म्हणून रहदारीला अडथळा केल्याची नोंद होऊ शकते. नोंद करणारा योगायोगाने एसटीमागच्या जीपमध्येच असतो. तो खाली उतरतो, टोपी नीट करतो, पुढे येतो, आणि पाव्हण्यांचे गाव ऐकून त्याला कळते की ते त्याच्या चुलत्याचे सोयरे. तोही तिथेच थांबतो. ड्रायव्हर मामा दोन हॉर्न देऊन पाहतात, मग स्टिअरिंग डावीकडे घेतात, आणि एसटी डावी चाके खाली घालून कलत कलत पुढे सरकते. मागच्या खिडकीतून कंडक्टर डोके काढून ओरडतो, "तारीख धरली का नाही, तेवढं तरी सांगा."